विणकर मामांच्या शंका

मी एकच कादंबरी लिहिली आणि सोलापुरात ती फक्त एका माणसाला पुरती कळली. तो माणूस मी नव्हे. ते आमच्या शेजारचे विणकर मामा. घरात तेलुगू बोलणारे मामा माझं मराठी पुस्तक मागाशेजारच्या कोनाड्यात जपून ठेवत आणि दर रविवारी सकाळी एक शंका घेऊन माझ्या ओट्यावर येत. शंका फिटल्याशिवाय चहाला शिवत नसत. काठात एक धागा उगाच आला तरी व्यापारी साडी परत करतो, तेव्हा पुस्तकातही उगाच काही नसणार, अशी त्यांची पक्की समजूत. नायिकेच्या ओसरीवर मी एक रिकामा पिंजरा नुसता शोभेला टांगला होता. "ते तिच्या मनाचं प्रतीक आहे," मी ठोकून दिलं. "ते कळलं की. पन पोपट कुटं गेला?" नायिकेच्या बापाचा दुखरा डावा पाय पुढे उजवा झाला, ती माझी डुलकी. मामांनी मात्र गंभीरपणे विचारलं, "मास्तर, दुखनं सरकतंय व्हय?" मी लगेच हो म्हणालो. लाज वाटायला हवी होती. उलट मी सुखावलो.

एका रविवारी त्यांनी विचारलं, "पळून जाऊन लगीन केलेल्या लेकीला ह्यो बाप भेटायला का जात न्हाय?"

"मानी आहे तो."

"मानी न्हाय. भितोय. लेक दारातनं परत लावील म्हनून भितोय."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मामांच्या मुलीनं अक्कलकोटच्या एका कानडी मुलाशी लग्न केल्याला सहा वर्षं झाली होती. मामा एकदाही गेले नव्हते, आणि अक्कलकोट काही विलायतेत नव्हतं. मी म्हणालो, "मामा, पुस्तकातला बाप चुकला. तुम्ही जा."

ते गेले. दुसऱ्या दिवशी भरदुपारी माग सोडून माझ्याकडे आले. "लेकीनं पाय धुवायला पानी दिलं. समोर बसून जेवू घातलं. पन ऱ्हावा म्हनली न्हाय. तरी मोटार दिसंनाशी होईस्तवर रस्त्यात हुबी हुती. मास्तर, ह्याचा अर्थ काय?"

काहीतरी गोड सांगावंसं फार वाटलं, पण जीभ उचलेना. "मला नाही कळत, मामा."

मामा ओट्यावरून उठले आणि म्हणाले, "तर मग परत जाऊन बघतो की."

त्यानंतर दर रविवारी सकाळी मामा अक्कलकोटच्या मोटारीत असत. माझ्या कादंबरीचा एकुलता एक वाचक गेला. मला फार बरं वाटलं, आणि फार एकटंही.