मसाल्यात गेलेली बियर

चर्चमधल्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनच्या पार्टीसाठी मी इथे आखातात, अल् घुब्राच्या आमच्या फ्लॅटमध्ये काळी बियर करणार होतो. बियरला रंग यावा म्हणून कोळशासारखी काळी भाजलेली बार्ली ऑफिसातल्या एका गोऱ्याने खास लंडनहून आणून दिली होती. वसईहून आलेल्या सासूबाईंनी डबा उघडला आणि सगळी बार्ली मिरच्यांबरोबर कुटून मसाल्यात घातली! आमच्या मसाल्यात भाजलेले गहू घालतात, कबूल. पण एका शब्दाने विचारायचं तरी! माझी बियर सरबतासारखी फिकी झाली. पाहुण्यांनी तिला नावं ठेवली आणि त्या मसाल्यातल्या डुकराच्या मटणावर ताव मारला. वर सासूबाईंनी मलाच सुनावलं, “जावईबापू, पुढच्या वेळी गहू एवढे जाळू नका हं. मी होते म्हणून मसाला वाचला.”