दोनदा सांगायची सवय

बसस्थानकावर तिला सगळे माईकबाई म्हणत. सव्वीस वर्षं ती काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्या पुकारत होती. केबिन कसली, टेलिफोन बूथला जरासं बाळसं आलेलं. आत एक टेबल, एकच खुर्ची, कोपरे झिजलेलं वेळापत्रक, माईक आणि माईकच्या बुडाशी लाल बटण. बटण दाबलं की बारा भोंग्यांतून तिचा आवाज जाई आणि बाकावर डुलक्या घेणारा माणूस पिशव्या गोळा करत उठे.

तिच्या कामाचे दोन नियम होते. पहिला, आधी फलाट सांगायचा, कारणं मागाहून. ज्याला धावायचंय त्याला गाडीला उशीर का झाला यात काडीचा रस नसतो. दुसरा, सगळं दोनदा सांगायचं. पहिल्या खेपेला माणसाला एवढंच कळतं की काहीतरी सांगतायत. काय सांगतायत ते तो दुसऱ्या खेपेला ऐकतो. ही सवय अंगात इतकी मुरली होती की घरीसुद्धा ती "चहा झालाय, चहा झालाय" असंच म्हणे. मग आतून धाकटी जाऊ विचारी, "कितव्या फलाटावर?"

घरात या दोघीच. माईकबाईचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि दीर बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा उगवणारा. जाऊ इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिची पाळी सहाला सुरू होई, म्हणून ती पहाटे साडेपाचची गाडी धरायची. ती चुकली तर पुढची थेट पावणेसातला, आणि महिन्यात तीन वेळा उशीर झाला तर धुलाईखाना सरळ घरी बसवायचा.

आता माईकबाईच्या मताबद्दल. ती नोकरीला लागली त्या वर्षी डेपोत बायकांच्या खोलीला आतून कडी नव्हती. एकीने कपडे बदलायचे आणि दुसरीने दाराला पाठ लावून उभं राहायचं. एका लहानशा पक्षाचा तेव्हाचा शहर सेक्रेटरी लेथवर काम करणारा होता, नखांत कायम काळं ऑइल. तो एक दिवस डेपोच्या गेटापाशी स्टुलावर चढला आणि म्हणाला, "बायकांच्या खोलीला कडी पाहिजे. शनिवारपर्यंत पाहिजे." एवढं बोलून उतरला. शनिवारी कडी लागली. तेव्हापासून बाईने दुसऱ्या कुठल्या चिन्हाकडे वळून पाहिलं नाही. "त्या हरणाऱ्यांना कशाला मत देता?" असं कोणी विचारलं की ती म्हणे, "त्यांनी कडी लावली."

तो सेक्रेटरी वारला. आता पक्ष सर चालवत होते. सर कॉलेजात शिकवायचे. माणूस सज्जन, लबाडी अंगाला शिवलेली नाही, कोणाच्याही मयताला पहिले हजर. पण बोलायला उभे राहिले की समोरच्याला वही काढावीशी वाटे. बायकांच्या खोलीला कडी पाहिजे, हे सरांच्या पत्रकात 'लिंगसंवेदनशील पायाभूत सुविधा' असं आलं असतं, आणि मग ती कडी काही लागली नसती. बाईला याचीच चीड होती. सर लिहायचे ते तिला पटायचं, अगदी शब्दन् शब्द पटायचा. पटायला तीनदा वाचावं लागे, इतकंच.

समोरच्या पक्षाला असली अडचण नव्हती. त्यांनी शहरभर फलक लावले होते: 'बस वेळेवर. बस!' जाऊला ते भारी आवडलं. "बघा जाऊबाई, तीन शब्द. तुमच्या सरांना शिंकायला याहून जास्त लागतात." माईकबाई हसली, पण ते तिच्या जिव्हारी लागलं.

निवडणुकीला तीन आठवडे होते, तेव्हा डेपो मॅनेजरने नवं वेळापत्रक सरावासाठी केबिनमध्ये पाठवलं. सत्तेतल्या मंडळींचा, म्हणजे त्याच 'बस!'वाल्यांचा, डेपो ठेकेदाराच्या हवाली करायचा घाट होता. कुठल्या गाड्या जाणार याचा मात्र ते ताकास तूर लागू देत नव्हते. बाईने इस्पितळाच्या मार्गाचं पान काढलं. पहिलीच ओळ पावणेसातची होती. तिने पान उलटून मागे पाहिलं, परत पुढे पाहिलं. साडेपाचची गाडी कुठेच नव्हती. 

तिने लगोलग सरांना निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी सर स्वतः केबिनमध्ये आले, खुर्ची एकच म्हणून उभे राहिले, आणि त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. प्रचाराच्या गाडीवर लावायला त्यांना तिच्या आवाजात ध्वनिमुद्रण हवं होतं.

बाईने वाचलं. "'सार्वजनिक वाहतुकीच्या अंदाधुंद खासगीकरणाच्या प्रक्रियेचा सर्वंकष व लोकाभिमुख पुनर्विचार...' सर, यात साडेपाचची कुठे आहे?"

"ती पुनर्विचारात येते ना."

"कितव्या ओळीत?"

सर कनवाळूपणे हसले. "बाई, एका गाडीचं बोललो तर उद्या बाकीचे विचारतील, आमच्या गाडीचं काय? आणि शब्द दिला नि पाळता आला नाही तर?"

"तर लोक शिव्या देतील. सध्या तर आपल्याला कोणी शिव्यासुद्धा देत नाही."

"मूळ प्रश्न व्यवस्थेचा आहे. लोकांना विचार करायला लावलं पाहिजे."

बाईच्या डोक्यात तिडीक गेली. "पहाटे साडेपाचला लोक कसला विचार करतात ठाऊक आहे? गाडी येतेय की नाही, बस. तुम्ही आलात कधी त्या वेळेला?"

सर हातातला कागद सरळ करू लागले. आले नव्हते.

"एक वाक्य टाका, सर. मी लिहून देते, तुम्ही नुसतं म्हणा. ऐका."

महत्त्वाचं काही सांगायचं झालं की अंगठा बटणावर जायचा, हे सव्वीस वर्षांचं वळण. तो आपसूक गेला. "नव्या वेळापत्रकात साडेपाचची गाडी नाही," बाई म्हणाली. "साडेपाचची गाडी आम्ही बंद होऊ देणार नाही." आणि मग, अर्थातच, दुसऱ्यांदा म्हणाली.

बाहेर एकदम शांतता पसरली. एक कंडक्टर पायरीवर एक पाय ठेवून तसाच थांबला होता. सगळ्या फलाटांवरची तोंडं काचेकडे वळली होती. तेव्हा कुठे तिने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. सरांनी कागदाची घडी केली आणि मान खाली घालून केबिनमधून बाहेर पडले.

पुढचे चार दिवस गावात दुसरा विषय नव्हता. धुलाईखान्यातल्या, मंडईतल्या, शाळा झाडणाऱ्या बाया केबिनच्या खिडकीशी येऊन विचारत, "बाई, खरंच बंद होणार का हो?" बाई खरं ते सांगे. मेमो येणार हे तिला माहीत होतं, त्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. तिच्या मनात एकच होतं, आता तरी सर बोलतील. वाक्य तयार होतं, लोकांच्या तोंडीही बसलं होतं. सरांनी फक्त 'हो, हे आमचं वाक्य' एवढं म्हणायचं होतं.

मेमो आला. डेपो मॅनेजरने तिची बदली हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत केली, छत्र्या आणि एकेकटे बूट सांभाळायला. केबिनमध्ये ध्वनिमुद्रित आवाज बसवला. त्याच दिवशी सरांचं निवेदनही आलं: 'सदर उद्गार वैयक्तिक स्वरूपाचे असून, त्यामागील भावनेचा आदर राखून पक्ष आपल्या व्यापक भूमिकेवर ठाम आहे.' बाईने ते छत्र्यांच्या ढिगाशी बसून वाचलं. मेमोने डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं, ते या कागदाने आणलं.

पाचव्या दिवशी ती एका छत्रीला चिठ्ठी बांधत होती, तेवढ्यात रस्त्यावरून प्रचाराची गाडी गेली. "साडेपाचची गाडी आम्ही बंद होऊ देणार नाही! साडेपाचची गाडी आम्ही बंद होऊ देणार नाही!" बाई तिरीमिरीत उठून दारात आली. आले वाटतं सर एकदाचे! पण गाडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बस वेळेवर. बस!'

चोर ते चोर, आणि चोरलं तेही दोनदा.

संध्याकाळी जाऊ उड्या मारतच घरी आली. "ऐकलंत? बोललं बाई कोणीतरी!"

"अगं, तेच तर बंद करतायत! वेळापत्रक त्यांनीच बनवलंय. मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"मग तुमच्या सरांनी का नाही म्हटलं?"

बाईजवळ उत्तर होतं. पण ते अर्ध्या पानाचं होतं, आणि ते स्वतःच्या तोंडून कसं ऐकू येईल हे तिला ठाऊक होतं. तिने परात ओढली. कणीक मळायला घेतली आणि उगाचच मळत राहिली.

मतदानाला दोघी बरोबर गेल्या. शाळेच्या खोलीत पुठ्ठ्याच्या आडोशामागे माईकबाई बराच वेळ उभी होती. सरांचा राग तिच्या डोक्यातून गेला नव्हता. पण लेथवाला आठवला, शनिवारची कडी आठवली, आणि तिने जुनंच बटण दाबलं. या बटणानंतर काही बोलायचं नसतं, तरी तिचं तोंड उघडलं होतं. "झालं तुमचं, या," टेबलामागचा कारकून म्हणाला.

जाऊ शाळेच्या पायरीवर थांबली होती. दोघी रस्त्याला लागल्या. 

"दिलंत?" जाऊने विचारलं.

"दिलं. तू?"

"रागावू नका." जाऊ बोटांची नखं पाहू लागली. साबणाच्या पाण्याने ती पांढरीफटक पडलेली होती. "त्यांना दिलं."

माईकबाई चालता चालता थांबली.

"त्यांना म्हणजे त्यांना कसलं हो," जाऊ घाईने म्हणाली. "वाक्य तुमचंच होतं ना, जाऊबाई? मी आपलं तुम्हाला दिलं."

ती हे एकदाच म्हणाली. माईकबाईला ते पहिल्याच खेपेला ऐकू गेलं.