पंतप्रधानांचं बंद पाकीट

त्या आठवड्यात ब्रिटनचे पंतप्रधान आमच्या घरी मुक्कामाला आले होते. सोफ्यावर, जेवणाच्या टेबलावर, फ्रिजच्या दारावर, जिथे बघावं तिथे त्यांची कागदातून कापलेली तोंडं. लेक बारा वर्षांची, अबू धाबीतल्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत जाणारी. पुढच्या सोमवारी तिला वर्गापुढे बोलायचं होतं: हे लोक सत्तेत आले कसे, जगले कसे, गेले कसे. माझ्या शाळेत इंग्रज आले आणि गेले एवढंच शिकवलं होतं, आणि तेवढ्यावर माझं भागलं होतं.

त्याच आठवड्यात माझ्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. रिपोर्ट गुरुवारी मिळणार होता. लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. नवरा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, अठ्ठावीस दिवस तिकडे आणि अठ्ठावीस दिवस घरी. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "काही नसणार गं, टेन्शन घेऊ नकोस." मला असा संताप आला! टेन्शन काय मी खालच्या सुपरमार्केटातून पिशवी भरून आणते? पण तोही घाबरला होता, हे मला त्याच्या खोकण्यावरून कळलं.

मी घाबरले होते. सरळ सांगते, आयुष्यात इतकी कधीच घाबरले नव्हते. आमचं घर अल रीम आयलंडवर, सदतिसाव्या मजल्यावर. सकाळी लिफ्टमध्ये शिरले की बटण दाबायचंच विसरायचे. आंघोळ करताना मी गाठीकडे हात नेत नव्हते आणि उरलेला दिवसभर तिच्याशिवाय दुसरा विचार करत नव्हते. लेकीला मात्र सांगायचं नाही, हे मी पक्कं ठरवलं होतं.

सोमवारी जेवताना तिनं पंतप्रधान वाढायला घेतले. एकाला संसदेतच गोळी घातली होती. एकजण कादंबऱ्या लिहायचा. काहीजण पडले आणि पुन्हा निवडून आले, तर काहींचं बूड खुर्चीत नीट टेकायच्या आतच त्यांना जावं लागलं. मग ती म्हणाली, एकाला पदावर असताना पक्षाघाताचा झटका आला आणि जवळच्या माणसांनी ते लोकांपासून लपवून ठेवलं.

"दॅट्स चीटिंग, आई. पीपल शुड नो."

मी तिच्या ताटात न मागितलेली पोळी वाढली.

"त्यांना लोकांना घाबरवायचं नसेल," मी म्हटलं.

"सो? ही वॉज देअर प्राइम मिनिस्टर."

मग तिनं पत्राचं सांगितलं. पंतप्रधान झाल्यावर माणसाला अगदी सुरुवातीलाच एक पत्र लिहावं लागतं, स्वतःच्या हातानं. अण्वस्त्रं घेऊन समुद्राखाली फिरणाऱ्या पाणबुड्यांच्या कॅप्टनांसाठी. उद्या देशच संपला, हुकूम द्यायला वर कोणी उरलंच नाही, तर काय करायचं ते त्यात लिहायचं. पाकीट बंद करून पाणबुडीतल्या तिजोरीत ठेवतात. पंतप्रधान बदलला की जुनं पत्र न उघडता नष्ट करतात.

"काय लिहितात त्यात?"

"नोबडी नोज. अँड हाऊ द कॅप्टन डिसाइड्स टु ओपन इट, दॅट्स द बेस्ट पार्ट..."

"पुरे आता, जेव मुकाट्यानं," मी म्हटलं. आणि माझं अर्धं जेवलेलं ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं.

मी एका बांधकाम कंपनीत कागदपत्रं सांभाळते. ड्रॉइंग आलं की त्याला नंबर द्यायचा, सुधारलेलं आलं की जुन्यावर लाल शिक्का मारायचा. मंगळवारी दुपारच्या सुट्टीत मी ऑफिसच्या पँट्रीत कोरा कागद घेऊन बसले. 'माझ्या लाडक्या बाळा' एवढं लिहिलं आणि रडूच फुटलं. तो कागद फाडला. दुसरा घेतला. कोणत्या भाषेत लिहायचं तेही कळेना. इंग्रजीत मला असलं काही लिहिता येत नाही, आणि लेकीला मराठी अक्षर अक्षर लावत वाचावं लागतं. शेवटी मराठीतच लिहिलं, पण अंकलिपीत असतात तशी मोठी, सुटी अक्षरं काढली.

बाबा येईपर्यंत खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे राहा. स्वतःची वेणी घालायला शिक, बाबांना ते जमायचं नाही. साताऱ्याला आजीकडे जायचं की इथे राहायचं ते बाबांशी बोलून ठरव, रडता रडता ठरवू नकोस. शेवटी लिहिलं: तुला सांगितलं नाही हे माझं चुकलं, मला भीती वाटत होती.

पाकिटावर तिचं नाव घातलं. खाली लिहिलं, 'मी नसेन तरच उघडायचं.' ते मी पांढऱ्या फाईलमध्ये, हॉस्पिटलच्या कागदासोबत ठेवलं. इथल्या प्रत्येक घरात अशी एक फाईल असते: पासपोर्ट, व्हिसा, शिक्के मारून आणलेला लग्नाचा दाखला. माझ्याशिवाय तिला कोण हात लावणार?

बुधवारी लेकीला शाळेच्या सहलीसाठी आयडीची कॉपी हवी होती. मी भांडी घासत होते. "फाईल कुठे आहे माहीत आहे ना? घे तुझी तू. मी काय तुझी सेक्रेटरी आहे?" असं खेकसले आणि दुसऱ्या मिनिटाला विसरूनही गेले.

गुरुवारी लेकीला सांगितलं की चार वाजता माझी मीटिंग आहे. शाळेतून येऊन कुलूप उघडून घरात बसायची तिला सवय होती. हॉस्पिटलात काउंटरवरची मुलगी म्हणाली, "दस मिनिट, मॅडम, इन्शाल्ला." त्या दहा मिनिटांचा तास झाला. माझ्या शेजारी बसलेली बाई तसबीहची जपमाळ ओढत होती आणि मी तिच्या बोटांतले मणी मोजत होते.

तेवढ्यात फोन. "आई, डिंक कुठेय?"

"निळ्या ड्रॉवरमध्ये."

पाच मिनिटांनी पुन्हा. "आई, एसीचा रिमोट?" मग केचप. मग कात्री. मग पुन्हा डिंक. मी उठून कोपऱ्यात गेले आणि दातओठ खाऊन म्हणाले, "मी मीटिंगमध्ये आहे ना? अक्कल आहे की नाही? खलास! आता एकही फोन करायचा नाही!"

माझं नाव पुकारलं तेव्हा मी फोन सायलेंटवर टाकला.

डॉक्टरीणबाई शांतपणे स्क्रीनकडे बघत राहिल्या. त्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगण्यासारखं नाही. मग त्या म्हणाल्या, गाठ साधी आहे, कॅन्सर नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघू. मला ऐकू आलं, पण अर्थ लागेना. तीन वेळा विचारलं. त्यांनी तीन वेळा सांगितलं, मग आणखी एकदा सोनोग्राफी करून दाखवली.

बाहेर येऊन फोन बघितला. सतरा मिस्ड कॉल. सगळे लेकीचे. मी लावला तर पहिल्याच रिंगला उचलला.

"आई?"

"काय झालं गं?"

"नथिंग. डिंक सापडला." आणि फोन ठेवला. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

घराचं दार उघडलं तर ती समोरच फरशीवर बसलेली. अंगात शाळेचा युनिफॉर्म, पायांत बूट तसेच. मांडीवर माझं पाकीट. टेबलावर डिंकाची बाटली, आणि एकही पंतप्रधान चिकटवलेला नव्हता. पाकिटाचा कोपरा तळहाताच्या घामानं ओला झाला होता. उघडलेलं मात्र नव्हतं.

"हे कधी सापडलं तुला?"

"काल. फाईलमध्ये. व्हाय इज देअर अ हॉस्पिटल पेपर विथ इट?"

मी तिच्याशेजारी खाली बसले.

"मग उघडलं का नाहीस?"

तेव्हा तिनं मला सोमवारी अर्धवट राहिलेलं सांगितलं. कॅप्टन पाकीट असं लगेच उघडत नाही. आधी खात्री करतो. असं म्हणतात की तो आपल्या देशाचा रेडिओ लागतो का ते बघतो. मोठी बातमी नको, भाषण नको, रोजचा साधा कार्यक्रम. तो ऐकू आला की देश आहे. मग पाकिटाला हात लावायचा नाही.

"यू वेअर शाउटिंग," ती म्हणाली, "सो आय न्यू यू वेअर ओके. मग तू उचललाच नाहीस, आई. सेव्हन्टीन टाइम्स." आणि ती इतकी मोठ्यानं रडायला लागली की मला तिचे दोन्ही खांदे धरावे लागले.

मी तिला सगळं सांगितलं. गाठ, सुई, रिपोर्ट, सहा महिने. माफीही मागितली. मग पाकीट फाडायला घेतलं तर तिनं ते हिसकावून घेतलं.

"नो. पंतप्रधान गेल्यावरच फाडतात. यू आर स्टिल हिअर."

पाकीट पांढऱ्या फाईलमध्येच आहे. पुढच्या तपासणीची तारीख तिनं फ्रिजवर लिहून ठेवली आहे आणि त्या दिवशी ती माझ्यासोबत येणार आहे. मला अजून भीती वाटते, आता तिलाही वाटते. रोज साडेतीनला ती घरी पोचली की मी ऑफिसातून फोन करते आणि डिंक जागेवर आहे का ते विचारते. "आहे, आई," ती म्हणते, मग मी फोन ठेवते.