दुसरी सही

"साहेब, ह्ये घ्या. तुम्ही म्हणले तशी सही घेऊन आले," असं म्हणत महादेवीबाईंनी पाच ट्रॅव्हलर्स चेक माझ्या काउंटरवर ठेवले. चेक पौंडाचे होते. प्रत्येकावर दोन सह्या होत्या. एकच असायला हवी होती.

ट्रॅव्हलर्स चेक म्हणजे परदेशी प्रवाशाने रोख रकमेऐवजी जवळ बाळगायचा चेक. विकत घेताना तो त्यावर एक सही करतो. दुसरी सही करायची ती वटवताना, बँकेच्या माणसासमोर. दोन्ही जुळल्या तरच पैसे.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नांदेडच्या आमच्या शाखेतले दोन जाणते लोक तिकडच्या नव्या शाखेत गेले आणि फॉरेन एक्स्चेंजचं टेबल माझ्यासारख्या नवख्याकडे आलं. महादेवीबाई मूळच्या उदगीरच्या. नवरा वारल्यावर गुरुद्वाऱ्याजवळच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या त्या परदेशी यात्रेकरूंना भाड्याने देत. त्या वर्षी दुष्काळ होता. पाहुण्यांच्या आंघोळीसाठी बाई पिंपाने पाणी विकत घेत.

इंग्लंडहून आलेले कर्तारसिंग आणि त्यांची पत्नी त्यांच्याकडे महिनाभर राहिले. भाडं निघताना द्यायचं ठरलं होतं. पण कर्तारसिंगांच्या छातीत दुखू लागलं आणि त्यांना सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यांचे चेक कसे वटवायचे, हे विचारायला बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा काउंटरवर रांग होती. मान वर न करता मी म्हणालो, "त्यांची सही घेऊन या, बघतो." 'माझ्यासमोर' हा शब्द राहूनच गेला.

"बाई, मीच दवाखान्यात येतो. पुन्हा एक सही घेऊ," दोन सह्यांचे चेक बघून मी म्हणालो.

"आता कुठली सही, साहेब. काल सकाळीच गेले ते. ह्या सह्या परवाच्या हायत. हात लई थरथरून राहिला होता. बायकोनं पाठीला धरून बसवलं तवा झाल्या."

मी चेक घेऊन मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"सही तुमच्यासमोर झाली?"

"नाही सर. पण सांगण्यात चूक माझी झाली."

"मग माझ्यासमोर झाली, असं लिहून देता?"

मी टेबलावरचे चेक उचलले.

"चेक आता वारसाचे," ते म्हणाले. "पत्नीला चेक काढणाऱ्या कंपनीकडे अर्ज करू द्या."

बाहेर येऊन मी बाईंना सगळं सांगितलं. पत्नीला तिकडे रिफंड मिळेल, मग त्या भाडं पाठवतील.

"कवा?"

"महिने लागतील."

"शुक्रवारपर्यंत लेकीची फी भरायची हाय. लातूरला नर्सिंगला नंबर लागलाय तिचा."

आपल्या खिशातून द्यावेत, असं मनात आलं. पण पगाराला आठ दिवस होते. बाई निघून गेल्या.

त्याच दुपारी मी अर्ज लिहिला. परतण्याआधी कर्तारसिंगांच्या पत्नीने त्यावर सही केली. सात महिन्यांनी बाईंच्या नावे इंग्लंडहून ड्राफ्ट आला. पूर्ण भाडं होतं, वर पाण्याचेही पैसे. बाई भरणा करायला आल्या तेव्हा मी लेकीचं विचारलं.

"नंबर गेला तिचा. लगीन करून दिली बिलोलीला. माणसं बरी हायत," त्या म्हणाल्या आणि पासबुक पिशवीत टाकून निघाल्या.

पुढे नोकरीभर नव्या क्लार्कना मी एवढंच सांगत आलो : नियम माहीत नसेल तर विचारा, माहीत असेल तर पूर्ण सांगा. ग्राहक आपण सांगतो तेवढंच करतो.