आईला खाली पाठवा

"घर लिया तो तुम हमारे यहाँ भी काम करोगी ना?"

हे माझ्या आईला विचारलं. तिच्याच स्वयंपाकघरात. आई ओट्याशी कप विसळत होती. विचारणारी बाई नवऱ्याला घेऊन घर बघायला आली होती. आईने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात ब्रोकर म्हणाला, "करेगी मॅडम. अच्छी कामवाली है."

आणि मी गप्प बसले.

इलेक्ट्रॉनिक सिटीतला हा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आईच्या नावावर आहे. जन्मभर नागपूरचे रस्ते झाडून ती निवृत्त झाली. तिचा फंड आणि माझा पगार, त्यात हे घर झालं. माझी पुण्याला बदली ठरली म्हणून विकायला काढलं.

घर दाखवायचं तर आधी तयार करावं लागतं, हे मला ब्रोकरने शिकवलं. भिंतींना रंग द्या, पडदे धुवा. बरं. मग तो हॉलमधल्या तसबिरीसमोर थांबला. निळा कोट, हातात पुस्तक.

"ये स्वल्प अंदर रख दो मॅडम. लोग पूछते हैं," तो त्याच्या कानडी मिसळलेल्या हिंदीत म्हणाला.

मी ठेवली. पलंगाच्या बॉक्समध्ये, चादरींखाली. बिल्डरने देवघरासाठी केलेल्या कोनाड्यात आमची पुस्तकं होती, तीही हलवली. तिथे ब्रोकरने स्वतःच्या पिशवीतून देव काढून ठेवला, उदबत्ती लावली. उंबऱ्यावर हळदकुंकू. गॅसवर दुधात वेलदोडे टाकून ठेवायचे, म्हणजे सुकटीचा वास मरतो. एवढं सगळं झाल्यावर तो म्हणाला, "आंटी को नीचे पार्क में बिठा दो."

तेही केलं मी. दोन रविवार आई मुकाट्याने खाली जाऊन बसली. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "गुडघे दुखून राह्यले. मी नाही जात." त्याच रविवारी ती बाई आली.

ऑफिसात मी वीस जणांची टीम सांभाळते. मीटिंगमध्ये भल्याभल्यांना गप्प करते. त्या दिवशी माझीच दातखीळ बसली.

ते गेल्यावर आईने कप पुसून जागेवर ठेवला.

"तू बोलली काऊन नाही?"

"आई, घर विकायचंय ना आपल्याला."

"जिंदगीभर लोकायचे रस्ते झाडले म्या. कधी लाज नाही वाटली. आज वाटली. तुही लाज वाटली."

अंगाची नुसती आग झाली माझ्या. त्या बाईचा राग आला, ब्रोकरचा आला, पण सगळ्यात जास्त माझा स्वतःचाच आला. घरकाम करण्यात कसला कमीपणा? आईला तिच्याच घरात मालकीण म्हणायला माझी जीभ रेटली नाही, तो कमीपणा माझा. चादरींखाली तसबीर कुणी दुसऱ्याने नव्हती ठेवली. या हातांनी ठेवली.

पुढच्या रविवारी तेच जोडपं पुन्हा आलं. घर पसंत होतं, टोकन द्यायला आले होते. ब्रोकर खुशीत. त्याचा देव मी दारातच त्याच्या हाती दिला. तसबीर भिंतीवर होती. गॅसवर सुकट रटरटत होती. आई सोफ्यावर मधोमध बसली होती.

बाईने नाकाला पदर लावला. "ये क्या बन रहा है?"

"सुकट," मी म्हणाले. "और ये मेरी माँ हैं. घर इनका है. दस्तखत यही करेंगी."

बाईने भिंतीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. तो म्हणाला, "सरी, ठीक है, सोचके बताते हैं." लिफ्टची वाटही बघितली नाही त्यांनी, जिन्याने उतरले.

ब्रोकर दारातून ओरडला, "पार्टी गई मॅडम! अब अपनी जात बताके बेचो!"

"तसंच विकणार," मी मराठीत सांगितलं. त्याला कळलं.

संध्याकाळी जाहिरात मी स्वतः लिहिली. 'चौथा मजला, दोन बेडरूम, सकाळचं ऊन. मालकीण माझी आई, निवृत्त सफाई कामगार. आम्ही बौद्ध आहोत. घरात मांस-मच्छी शिजते. चालत असेल तरच या.' ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "अगं वेडी आहेस का? एक फोन येणार नाही!"

खरंच आला नाही. पुण्याची बदली मी पुढे ढकलली आहे, वेळ आली तर सोडेन. जाहिरातीतला एक शब्द काढणार नाही. ज्याला हे घर हवं असेल, त्याने माझ्या आईसमोर बसून तिच्याशी बोलायचं.