हिला शेंगदाणा चालत नाही

वरच्या मजल्यावर जर्मनीचं कुटुंब राहायला येणार असं काकूंनी सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली ती इंग्रजीची. काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. कोल्हापुरात त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत राहून मी बी.कॉम. करते. माझं गाव चंदगडकडे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. काकूंच्या मते मात्र कॉलेजात गेलेल्या मुलीला सगळंच येतं.

भाड्याचं ठरवायला कंपनीचा माणूस आला होता. त्याला त्या म्हणाल्या, "भाषेची काय काळजी करू नकासा. आमच्यात कॉलेजची पोरगी हाय. इंग्लिश फाडफाड बोलती."

मी आत भांडी पुसत होते. हातातलं ताट तसंच राहिलं. तोंडी परीक्षा सोडली तर मी तोवर कुणाशी इंग्रजीत एक पूर्ण वाक्य बोलले नव्हते. पण काकूंना परक्या माणसासमोर खोटं पाडायची माझी हिंमत नव्हती.

दिवाळीनंतर ते तिघं आले. साहेब एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत नवी यंत्रं बसवायला आले होते. त्यांच्या बायकोला मी मॅडम म्हणायला लागले. आणि त्यांची छोटी, पाच वर्षांच्या आतबाहेरची, केस इतके फिके की उन्हात पांढरेच दिसायचे. गल्लीतल्या बायका येता-जाता तिचा गालगुच्चा घ्यायच्या आणि ती आईच्या मागे लपायची. मलाही लपावंसं वाटायचं. त्यामुळे मला ती लगेच आवडली.

मी आईला फोनवर हे सगळं सांगितलं. आई काजूच्या कारखान्यात काजू फोडते. "परदेशातनं आल्यात, रिकाम्या हातानं जाऊ नको," म्हणाली आणि गावच्या एसटीनं पिशवीभर काजू पाठवले. मी ती पिशवी घेऊन जिना चढले. मॅडम हसल्या, पिशवी हातात घेतली, आत बघितलं आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी पिशवी दाराबाहेर जिन्यावर ठेवली, आत जाऊन साबणानं हात धुतले, बराच वेळ धुतले. मी दारात उभी. मला वाटलं, आमच्या काजूंना काहीतरी वास येत असणार.

मग त्या माझ्यासमोर बसल्या आणि सावकाश बोलल्या. त्यांचं इंग्रजीही अडखळणारं होतं, त्यामुळे मला कळलं. छोटीला शेंगदाणा, काजू, असलं काही चालत नाही. पोटात गेलं तर घसा सुजतो, श्वास बंद होतो. एकदा तसं झालंही होतं. दाराजवळच्या खिळ्याला एक पिवळं पाउच लटकवलेलं होतं. त्यात जाड पेनसारखी इंजेक्शनं होती. त्यांनी बिनसुईचं एक सरावाचं पेन काढलं आणि मला माझ्याच मांडीवर दाबायला लावलं. दाबायचं, धरून ठेवायचं, लगेच सोडायचं नाही. मी सारखं मनात म्हणत होते, मला कशाला शिकवताय? मी नुसती खाली राहते.

पण काजू-शेंगदाण्यानं असं होऊ शकतं हे मला पटायला वेळ लागला नाही. काजूच्या टरफलात तेल असतं आणि ते हाताला लागलं की भाजतं. आईच्या बोटांची कातडी कायम काळी आणि सोललेली असते. जे आपण हौसेनं खातो त्यात काय असतं ते मी लहानपणापासून आईच्या हातावर बघितलं होतं. काकूंना मात्र पटेना.

"शेंगदाण्यानं कोण मरतंय व्हय गं? मग आमी सगळी कवाच मरायला पायजे हुतं."

"काकू, खरंच सांगताहेत त्या."

"बरं बाई. न्हाय देत. माझं काय जातंय?"

त्या दिवसापासून मला कोल्हापूर वेगळंच दिसायला लागलं. भाजीत कूट, चटणीत कूट, कोशिंबिरीत कूट, भडंगात दाणे, कढईत शेंगतेल. आणि प्रत्येकाच्या हातात कायम काहीतरी पुढे केलेलं. आमच्याकडे पाहुण्याला खायला घालायचं म्हणजे एकदा विचारून थांबायचं नसतं. नको म्हटलं की तो लाजतोय असं समजून दुप्पट वाढतात. हे मला कधी भीतीदायक वाटलं नव्हतं.

रविवारी ते कुटुंब शहर बघायला निघायचं आणि मला बरोबर घ्यायचं. रंकाळा, न्यू पॅलेस, एकदा जोतिबाचा डोंगर. मॅडम फोटो काढायच्या, साहेब दगडांवर हात फिरवून बघायचे. मला यातलं फारसं काही आठवत नाही. मला आठवतात लोकांचे हात. पन्हाळ्यावर तटाच्या कडेनं छोटी पळायला लागली की साहेब तिच्यामागे धावत, ती पडेल म्हणून. मी मात्र बघत असायचे की समोरून कोण येतंय आणि त्याच्या हातात काय आहे.

तिथं झुणका-भाकरी विकणाऱ्या एका मावशीनं आम्हाला हाक मारली. "पावणं, या की! बसा की सावलीला." छोटी तिच्या चुलीजवळ जाऊन उभी राहिली. मावशीनं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर दाण्याचं कूट घातलेला मिरचीचा खर्डा लावायला घेतला.

"मावशी, हिला शेंगदाणा चालत नाही," मी म्हटलं.

"का? उपास हाय व्हय?"

"उपास नाही. चालतच नाही."

"अगं उपासालाबी चालतोय की शेंगदाणा! देवाला चालतोय आणि हिला चालत न्हाय?" बाजूच्या गाड्यावरची माणसं हसली. मावशीनं मात्र खर्डा बाजूला ठेवला आणि कोरडी भाकरी दिली. "घे बाई. कोरडंच खा. कुठल्या देशाची रीत म्हणायची ही!"

मीही हसले. परत येताना पार्किंगजवळ एका आजीनं छोटीच्या हातात चिक्की ठेवली. मी ती हिसकावून घेतली. आजी माझ्याकडे बघत राहिली. "काय पोरगी हाय! लेकराच्या हातातनं काढून घेती." मला तिला समजावून सांगता आलं नाही. नुसतं वाईट वाटलं, आणि गाडीत बसल्यावर मी छोटीची बोटं ओल्या रुमालानं एक-एक पुसली.

जानेवारी आला. संक्रांतीला कुणी तिळगूळ दिला तर नाही म्हणता येत नाही, म्हणून मी तो दिवस आधीपासून मोजत होते. पण काकूंनी मला चकित केलं. त्यांनी छोटीसाठी वेगळे लाडू केले, नुसते तीळ आणि गूळ, कूट नाही. वेगळी कढई घेतली. मला बोलावून दाखवलं. "बघ. तुझ्या मॅडमला सांग, मी ध्यानात ठेवलंय." मी वर जाऊन सांगितलं तेव्हा मॅडमनी खाली येऊन काकूंना मिठी मारली. काकू लाजल्या. मला वाटलं, आता घरात तरी भीती नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी कॉलेजातून परत आले तर दारात चपलांचा ढीग होता. आत बायका गाणं म्हणत होत्या. काकूंनी छोटीचं बोरन्हाण ठेवलं होतं. आमच्याकडे संक्रांतीनंतर लहान मुलांना हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओततात. काकूंना नातवंडं आहेत, पण ती लांब असतात. त्यांनी कापड आणून छोटीला काळा झगा शिवून घेतला होता. छोटी पाटावर बसली होती, कपाळावर हलव्याची बिंदी, मनगटाला हलव्याच्या बांगड्या, आणि ती खुशीत एक-एक दाणा चाटत होती. मॅडम समोर बसून फोनच्या पडद्यावर नजर लावून शूटिंग करत होत्या; पातेल्यात काय आहे ते त्यांना खालून दिसत नव्हतं.

मग मला आठवलं की बोरन्हाणात भुईमुगाच्या शेंगाही असतात.

काकूंच्या हातातलं पातेलं कलतं झालं होतं. बोरं टपटप पडत होती, आणि चुरमुऱ्यांबरोबर भाजलेल्या शेंगा, काही फुटलेल्या, लाल साली छोटीच्या केसांवर. गल्लीतली मुलं वेचायला तुटून पडली. छोटी हसत होती आणि बांगडी चाटत होती.

मी "काकू, थांबा" म्हटलं, पण आवाज माझ्याच कानापर्यंत आला असेल. मी बायकांमधून वाट काढत गेले आणि छोटीला पाटावरून उचललं. पातेलं माझ्या कोपराला लागून पडलं.

"अगं अगं! औक्षण व्हायचंय अजून!"

"अपशकुन केलास की गं!" बायका ओरडल्या.

काकू माझ्याकडे बघत होत्या. "काय झालं? खायला कुठं दिलंय? वरनं तर घातलंय. लाडू बी बिनकुटाचं केल्यात."

मी मॅडमकडे वळले आणि एकच इंग्रजी शब्द बोलले, पीनट. त्यांचा फोन खाली पडला.

आम्ही जिना चढलो. त्यांनी छोटीचे कपडे काढले, दागिने तोडून टाकले, तोंड धुतलं. मी पाउच खिळ्यावरून काढून हातात धरलं. आणि मग आम्ही दोघी नुसत्या तिच्याकडे बघत राहिलो. मला सगळ्यात जास्त ते बघत राहणं आठवतं. आधी तिच्या मानेवर लाल गांधी उठल्या. मग ओठ. ती घसा खाजतोय तसं करायला लागली आणि खोकली. तो खोकला मुलांच्या खोकल्यासारखा नव्हता. मॅडमनी पाउचमधलं इंजेक्शन काढलं. मला म्हणाल्या, पाय धर. मी तो पाय दोन्ही हातांनी धरला. छोटी किंचाळली. मी तिच्याकडे बघितलं नाही, पायाकडे बघत राहिले, आणि मनात म्हणत होते, सोडायचं नाही, लगेच सोडायचं नाही.

गल्लीतल्या एका दादानं गाडी काढली. वाटेत छोटीला उलटी झाली. पण दवाखान्यात पोचेपर्यंत तिच्या श्वासाचा आवाज हलका झाला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर दिलंत, आता सकाळपर्यंत इथंच राहू दे, पुन्हा त्रास होऊ शकतो. पुन्हा, हा शब्द ऐकून मी बाकावर बसले ती उठलेच नाही.

थोड्या वेळानं काकू रिक्षानं आल्या. अंगावर बोरन्हाणासाठी नेसलेली काळी साडी तशीच होती. त्या खोलीच्या दाराशी येऊन थांबल्या, हात अंगापासून लांब धरून, जसे ओले असावेत.

"आत या की, काकू."

"नगं. धा वेळा धुतलं, पर माझ्या हाताला असंल अजून. तू उघड दार. मी हितनंच बघतो."

मी दार उघडलं. छोटी झोपली होती. काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "श्वास घेती न्हवं?"

"घेतेय."

"बघ नीट."

मी बघितलं. "घेतेय, काकू."

त्यानंतर बरेच दिवस मॅडम काकूंशी बोलल्या नाहीत. रागानं नव्हे, असं मला वाटतं, त्यांना शब्दच सापडत नसावेत. साहेब दुसरं घर बघत होते, हे मला कळलं आणि मी काकूंना सांगितलं नाही. पण काकूंना कळलं असणार. त्यांनी घरातल्या शेंगा, कूट, तेलाचा डबा, सगळं रिक्षात घालून हातकणंगल्याला बहिणीकडे पाठवून दिलं. फडताळातले डबे उकळत्या पाण्यानं धुतले. जेवताना स्वतःच कुरकुरायच्या, "आमटीला चवच न्हाय. आजाऱ्याचं जेवण झालंय." पण शेंगा परत आणल्या नाहीत. मॅडम एकदा खाली आल्या, फडताळातला शेंगांचा रिकामा कप्पा त्यांनी बघितला आणि वर गेल्या. घर बघणं थांबलं.

फेब्रुवारीत त्यांना खिद्रापूरचं देऊळ बघायचं होतं. मला जायचं नव्हतं. अभ्यास आहे म्हणायचं मी ठरवलं होतं. पण सकाळी बघते तर काकू इरकल नेसून गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"बस की गं. तुझा आवाज बाहेर पडतोय व्हय कुणासमोर? मी येतो."

देवळाच्या मंडपात मधे छप्पर नाही, वर गोल आकाश दिसतं. त्याच्या खाली गोल दगड आहे. छोटी त्यावर उताणी पडून वर बघत होती. मॅडम खांबांचे फोटो काढत होत्या. बाहेर उकडलेल्या शेंगा विकणारी एक बाई बसली होती आणि तिच्याशी काकूंचं मोठ्या आवाजात चाललेलं मला आत ऐकू येत होतं.

"ती पांढऱ्या केसाची पोरगी बाहेर आली की टोपलं झाक."

"का वं? मी काय चोरीचं विकालोय?"

"झाक म्हणतो न्हवं! जिवाचं काम हाय."

एवढ्यात देवळात दर्शनाला आलेली एक म्हातारी छोटीपाशी वाकली. तिनं ओच्यातून काहीतरी काढून मूठ पुढे केली. मी तिकडे धावले, पण मी पोचायच्या आत छोटी उठून बसली होती. काकूंनी तिला आठवडाभर शिकवलेलं वाक्य तिनं काकूंच्याच आवाजात, काकूंच्याच ठसक्यात म्हटलं.

"मला शेंगदाणा चालत न्हाय!"

म्हातारी दचकली, मग हसली. "अगं बया! उपास हाय व्हय?"

मंडपातले सगळे हसले, मॅडमही. मी हसू शकले नाही. माझ्या एका हातात पिवळं पाउच होतं. दुसऱ्या हातानं मी छोटीची मूठ धरली आणि एक-एक बोट उघडून बघितलं. आत एक खडा होता, देवळाच्या अंगणातला. मी तो उलटून बघितला आणि परत तिच्या हातात ठेवला.