वरून पहिली

माझे मामा बत्तीस वर्षं वाद्यांच्या दुकानात, मागच्या टेबलाशी बसून दुरुस्तीचं काम करत होते. माणसाशी बोलताना चष्मा कपाळावर, तारेशी बोलताना नाकावर. निवृत्त झाले तेव्हा मालकांनी त्यांना एक युकुलेले दिलं. चार तारांचं, गिटारच्या धाकट्या बहिणीसारखं. मामी त्यावर दोन-चार गाणी शिकली, आणि मग तिला विसरण्याचा आजार जडला.

डॉक्टर म्हणाले, घरातली नावं रोज घोकून घ्या. मामांनी ती तारांना लावली. पहिली थोरली लेक, दुसरी धाकटी.

"तिसरी मी. जाडी आणि खर्जातली, दुसरं कोण असणार! चौथी तू. सगळ्यांच्या वर बसलीयेस, पण आवाज बघ, अजून पोरीचाच."

मामी चक्क लाजली होती.

रोज चहा झाला की परीक्षा. "पहिली वाजव. कोण ही?"

"थोरली."

"नाही गं, ही तर तू. बरं, दुसरी?"

"धाकटी."

"अगं, हा मी! नवऱ्याला लेक करून टाकलंस."

आधी दोघंही हसायची. मग मामा एकटेच. पुढे पुढे मामी तारेला हातच लावेना. "मला नाही येत हो," एवढंच म्हणायची. मामा फोनवर मला तिची उत्तरं सांगायचे. एकदा म्हणाले, "नावं गेली गं सगळी."

मी भेटायला गेले तेव्हा ते वाद्य सहज मांडीवर घेतलं. मान खाली घातली, तर डोळ्यांना आधी दिसली ती वरची तार.

"मामा, पहिली कुठली?"

"सगळ्यात खालची. तारांच्या पाकिटांवरही तसेच आकडे असतात."

"ते तुमच्या दुकानात. मामी कधी बसली होती दुकानात? ती वरून मोजत होती. तुमची चौथी, ती तिची पहिली. तिनं बरोबरच सांगितलं होतं, मामा."

मामांनी चष्मा कपाळावर नेला, पुन्हा नाकावर आणला. "पाच महिने," ते म्हणाले. "पाच महिने मी तिला चूक म्हणत होतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चारही तारा उतरवल्या. तारा बसायच्या खाचा कानशीनं घासल्या आणि क्रम उलटा करून तारा पुन्हा चढवल्या; थोरली वर. डोळे मिटून करावं असं काम, पण एकेका खुंटीशी किती वेळ अडत होते! मग मामीच्या समोर पाटावर बसले.

"आता तुझ्या मोजणीनं. वरून पहिली. कोण?"

मामीनं बोट टेकवलं. तार वाजली, विझली. ती बराच वेळ मामांच्या कपाळावरच्या चष्म्याकडे बघत राहिली.

"अहो, तुम्ही दुकानातले का?" तिनं अदबीनं विचारलं.

मी तोंड फिरवलं.

"हो, बाई," मामा म्हणाले. "तारा बदलायला आलोय. बघा बरं, नीट लागल्यात का."